पालथं पारडं

मुरबाडच्या आठवडा बाजारात माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या बाईने मला फसवलं. मी आजारी पडून घरी होते तेव्हा तिने माझी बसायची जागा स्वतःच्या सुनेच्या नावावर करून घेतली. आम्ही दोघी सुकी मासळी विकायचो. दहा-बारा वर्षं गोणपाटाला गोणपाट लावून बसलो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी धंद्याच्या गोष्टी सांगणार आहे, आणि त्या वाचताना कुणाला वाटायला नको की या बाईला सगळं जमलं.

धंद्याच्या गोष्टी सांगायचं कारण आमच्या गावातला बचत गट. पोरींनी मसाला-पापडाचा धंदा काढलाय. शहापूरला चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि माझ्या मागे लागल्या, मावशी, गिऱ्हाईक कसं धरायचं, शेजारच्या दुकानापुढे कसं टिकायचं, ते लिहून द्या. त्यातल्या एकीने वही उघडून विचारलं, तुमचा प्रतिस्पर्धी कोण होता? मी चहा टाकायला उठले. प्रतिस्पर्धी म्हणावा तर तीच होती. सबंध आयुष्यात मला एकच मैत्रीण मिळाली, तीही तीच.

नव्वदच्या सुमाराला माझ्या नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं. आम्ही आसनगावजवळ राहायचो. घरात दोन पोरं, मी सातवी शिकलेली. अर्नाळ्याला माझी लांबची एक आत्या होती, तिच्याकडून पहिली टोपली आणली. जवळा आणि बोंबील. डोक्यावर घेऊन तानसाकडचे पाडे फिरले, उंबरमाळीच्या बाजूला डोंगरातल्या वाड्या फिरले. लोकांच्या घरात रोख पैसा नसायचा, तांदूळ असायचा. इतर विकणाऱ्या बाया पैसे नाहीत म्हटलं की पुढच्या दाराला जायच्या. मी तांदूळ घेतला. तो गावठी तांदूळ आसनगावच्या नोकरदारांच्या खोल्यांमधून विकला. त्यांना दुकानातल्या पॉलिशच्या तांदळाचा कंटाळा आला होता. एका फेरीत दोन धंदे झाले. पोरींनो, पहिली गोष्ट ही लिहून घ्या. गिऱ्हाईकाकडे नाही ते मागत बसू नका. त्याच्याकडे आहे ते घ्या आणि ज्याच्याकडे ते नाही त्याच्या दारात न्या.

सगळे मला कोळीण म्हणायचे. मी कोळीण नाही, माझं घर बुद्धवाडीतलं. पण मासळीची टोपली डोक्यावर आली की बाईची जात टोपलीवरून ठरते. मी कधी दुरुस्त केलं नाही. मासळी खपत होती.

माल घ्यायचा तो नाकाने आणि बोटांनी घ्यायचा. बोंबील मोडून बघायचा, कटकन मोडला तर वाळलेला. वाकला तर त्यात पाणी आहे, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतोय. जवळा तळहातावर चोळायचा. हाताला रेती लागली तर फुकट दिला तरी आणायचा नाही. रेतीचा जवळा एकदा जरी विकला, तरी त्या घरातली सगळी माणसं जेवताना एकाच वेळी दाताखाली तुमचं नाव चावतात. आत्या माझी सख्खी नव्हती, पण अगदी सख्खी असती तरी मी टोपलीच्या तळापर्यंत हात घातला असता. तिने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, आत्या, तुमच्या नात्याचा आमटीला वास येत नाही.

असं तोंड होतं माझं. आजही आहे.

शहापूरच्या बाजारात जुन्या बाया गुडघा हलवायला तयार नव्हत्या. म्हणून मी किन्हवलीमार्गे जाणारी एसटी धरली आणि मुरबाडला गेले. टोपली टपावर. कंडक्टर म्हणायचा, मावशी, तुमच्या टोपलीला तिकीट नाही लावत, पण बाकीच्या पासिंजरांना नुकसानभरपाई तुम्ही द्या. बाजारात उतरले तर सगळ्या जागा भरलेल्या. मिरचीवाल्याच्या समोर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, भातशेतीवाल्या घरातली, गोल तोंडाची. तिच्यापुढेही सुकी मासळीच. तिच्या शेजारी हातभर जागा मोकळी. मी भांडायच्याच तयारीने गेले, कारण एकाच मालाची दुसरी बाई शेजारी कोण बसू देईल? तिने वर बघितलं, आपलं गोणपाट खसकन ओढून घेतलं आणि म्हणाली, "बस गो बाय. वास तर दोघींचा एकच येनार."

त्या बाजारात जागा कागदावर नव्हती. तुमचं गोणपाट जिथे पडतं ती तुमची जागा. एखादी बाई यायची नसेल तर शेजारीण तिचं गोणपाट अंथरून त्यावर दगड ठेवायची. दगड दिसला की कुणी तिथे बसायचं नाही, मग बाई महिनाभर येवो न येवो. कोण कुठली, कधीपासून बसते, हे फक्त शेजारणीला ठाऊक. जागेचा पुरावा म्हणजे शेजारीण. मला ही रीत फार आवडली होती. वाटायचं, इथे माणसं एकमेकांच्या तोंडावर जगतात.

पहिल्या वर्षी आम्ही भाव पाडून एकमेकींचं नुकसान केलं. तिने कमी सांगितला की मी त्याहून कमी. संध्याकाळी दोघी रिकाम्या टोपल्या घेऊन बसायचो आणि हातात काही नाही. एकदा तीच म्हणाली, आपण दोघी मिळून लोकांना फुकट जेवू घालतोय. मग आम्ही माल वाटून घेतला. सोडे आणि जवळा माझ्याकडे, वाकट्या आणि खारे बांगडे तिच्याकडे. बोंबील मात्र दोघींकडे, कारण बोंबलाशिवाय टोपलीला शोभा नाही. शेजारच्या दुकानाशी टिकायचं कसं, हे विचारता ना, ते असं. त्याच्या भावाखाली जाऊ नका. तो जे ठेवत नाही ते ठेवा, आणि जमलं तर त्यालाही हे सांगा.

आणि बोंबलासाठी आम्ही तो खेळ काढला.

माझं तोंड तिखट आणि तिचं गोड, हे बाजाराला ठाऊक होतं. एखादं चेंगट गिऱ्हाईक आलं की मी तागडीचं एक पारडं टोपलीच्या कडेवर पालथं घालायचे. ही तिला खूण. म्हणजे आता भांडण सुरू होणार आणि ते खोटं आहे. कधी खूण तीही करायची, माझ्या तागडीला हात घालून. मग मी पेटायचे. एकदा एमआयडीसीतला एक इस्त्रीचा शर्टवाला आला. बोंबील हातात घेऊन म्हणाला, कल्याणला निम्म्या भावात मिळतात. मी पारडं पालथं घातलं आणि म्हटलं, "मग कल्याणलाच जा की. माझ्या बोंबलाला कशाला हात लावून गरम करतोस?" त्याचे कान लाल झाले. तो तडक उठून तिच्याकडे वळला. अशा गिऱ्हाइकाला ती शांतपणे माझ्यापेक्षा जरा चढाच भाव सांगायची, पण अशा आवाजात की वाटावं आईने ताट वाढलंय. वर म्हणायची, "तिचं तोंड असंच हाय, दादा. मनावर घेऊ नका. माल तिचाबी चांगला हाय." मग तो माणूस एकतर तिच्याकडून चढ्या भावाने घ्यायचा, नाहीतर मान खाली घालून माझ्याकडे परत यायचा आणि घासाघीस न करता घेऊन जायचा. तो लांब गेला की आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. मिरचीवाला समोरून म्हणायचा, "चालू द्या तुमचं. माझ्या मिरचीपेक्षा तुमीच जास्त विकता तिखट."

मिरचीवाल्याला ठाऊक, बाजारकराची पावती फाडणाऱ्याला ठाऊक, पुढे पुढे सगळ्या बाजाराला ठाऊक झालं. नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा आमचं भांडण बघायला थांबायची. काही तर मुद्दाम म्हणायची, मावशी, आज भांडत नाय का? माल खपत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. राग हा मालच होता माझा, टोपलीतल्या बाकी मालाबरोबर तोही मी मोजून काढायचे.

पोरींनो, भाव सांगितल्यावर गप्प बसायला शिका. भाव सांगून जी बाई पुढे बोलत राहते, ती स्वतःच स्वतःचा भाव खाली आणते. आणि वरची मूठ मागायच्या आधी घालू नका, पण तागडी उतरल्यावर न मागता घाला, चार माणसं बघत असताना घाला. त्या मुठीची जाहिरात तुमच्या फलकाने होणार नाही एवढी होते.

मग बाजारपेठेत पाकिटातली सुकी मासळी विकणारं दुकान आलं. चकचकीत प्लास्टिक, वर छापील चित्र. आमची नोकरदार गिऱ्हाइकं तिकडे वळली. मी दोन आठवडे नुसती धुमसत होते. ती म्हणाली, पाकिटाचा वास घेता येत नाय. तेवढं ऐकलं आणि माझं डोकं चाललं. आम्ही टोपल्यांवरचं फडकं काढून टाकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात बोंबील देऊन म्हणायला लागलो, घेऊ नका, मोडून बघा. शिवाय पगाराच्या दिवशी मी एमआयडीसीच्या फाटकाबाहेर टोपली घेऊन उभी राहायला लागले. आणि आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी भरतात त्याचं, मागणं आम्ही होळीपासूनच घ्यायला लागलो. मे महिन्यात टेम्पो करून घराघरात पोचवलं. एका घराची मासळी, शेजारच्या घराची मासळी, सासरी दिलेल्या लेकीची मासळी. दुकानवाला गल्ल्यामागे बसून राहिला, आम्ही त्याच्या गिऱ्हाइकाच्या ओटीवर बसून पाणी प्यायलो. दोन पावसाळ्यांत त्याने मासळीची पाकिटं काढून टाकली.

चौदा एप्रिलला मी धंदा लावत नाही. तो दिवस बाजाराचा आला तर आगोटीचा ऐन हंगाम हातचा जायचा. त्या दिवशी ती दोन्ही टोपल्या सांभाळायची. माझ्या विक्रीचे पैसे वेगळ्या फडक्यात बांधून ठेवायची आणि पुढच्या बाजारी माझ्या मांडीवर टाकायची. मी कधी गाठ सोडून मोजले नाहीत. तिच्या नवरात्रात ती माशाला हात लावत नसे, तेव्हा तिची टोपली माझ्याकडे. माझी एसटी उशिरा यायची, म्हणून सकाळी पावतीवाला आला की दोघींची एकच पावती तीच फाडायची. मी गेल्यावर माझा वाटा देऊन टाकायचे. इतकी साधी गोष्ट होती ती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन हजार सालानंतर माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, तीन महिने वजन उचलायचं नाही. ज्या बाईचं पोट डोक्यावरच्या टोपलीवर चालतं तिला हे सांगणं म्हणजे काय! मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. एका दुपारी दारात तिची हाक आली. मुरबाडहून दोन गाड्या बदलून आली होती. सोबत नव्या तांदळाचं पीठ आणि घरच्या कोंबडीची अंडी. आल्या आल्या माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भावजी, हिला बरी करा लवकर. माझ्याशी भांडायला बाजारात कोनीच नाय." मग माझ्या पायथ्याशी बसली आणि पाय दाबायला लागली. मी नको म्हटलं तर माझ्या पोटरीवर चापट मारली.

मी तिला विचारलं, जागेचं कसं?

"तुझं गोनपाट दर बाजारी आंथरते. दगड ठेवते. तू नीज."

त्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून आली होती, पण मुलाला काम नव्हतं. सुनेला बाजारात आणायचा तिचा विचार होता आणि मीच तिला म्हणाले होते, आण की, मी शिकवते. आजारी पडायच्या आधी दोन-तीन बाजार ती पोरगी आमच्या दोघींच्या मधे बसली होती. बोंबील मोडून बघायला मी तिला शिकवलं. रेतीचा जवळा तिच्या हातावर मी चोळला. हे सुनेचं काय ते सगळं मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते नंतर कळलं.

तीन महिने संपायच्या आतच मी एसटीत बसले. टोपली अर्धीच भरली होती. बाजारात उतरले आणि बाजार ओळखू येईना. आमच्या ओळीत सिमेंटचे ओटे बांधलेले, वर पत्रे, ओट्याच्या तोंडाला रंगाने आकडे. तिच्या ओट्यावर ती. माझ्या जागेवरच्या ओट्यावर तिची सून, पुढ्यात वाकट्या मांडलेल्या. माझं गोणपाट घडी घालून सुनेच्या बुडाखाली.

मी आधी हसले. मला वाटलं पोरगी माझी जागा राखतेय. म्हटलं, ऊठ गो, आले मी. पोरीने सासूकडे बघितलं. सासूने माझ्याकडे बघितलं नाही.

मिरचीवाला समोरून उठून आला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की ओटे वाटायला पंचायतीचे साहेब आले होते. कोण कुठे बसतं ते ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याला विचारलं. तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, या दोन्ही जागा आमच्याच, एक माझी आणि एक सुनेची. पावतीवाला बरोबर होता. त्यानेही मान हलवली, कारण इतकी वर्षं दोन्ही जागांची पावती तीच फाडत होती. मी मिरचीवाल्याला विचारलं, आणि तुमी? तुमी काय बोललात? तो म्हणाला, "तुमी दोघी एकच ना? आमाला वाटलं तुमचं आपसात ठरलेलं हाय."

मग मी तोंड सोडलं. खरं. पोटापासून. टाके ओढत होते तरी सोडलं. तिच्या पोराबाळांपासून तिच्या गोड आवाजापर्यंत काही बाकी ठेवलं नाही. माणसं जमली. साहेबही त्या दिवशी बाजारातच होते, तेही आले. मी त्यांना सांगत होते की ही जागा माझी, या मातीवर माझी दहा-बारा वर्षं गेलीत. आणि माझ्या भोवतीची माणसं हसत होती. खरोखर हसत होती. मागून एक जण ओरडला, "आज जोरात हाय. किती दिसांनी लागलं भांडन." दुसरा म्हणाला, पेशल शो. नेहमीची एक बाई पदरातून हसत माझ्या टोपलीकडे सरकली, आता भाव उतरेल म्हणून. मी त्यांना ओरडून सांगत होते, हे खोटं नाही, हे खरं आहे. तेही ते दर बाजारी ऐकत आले होते. खोट्या भांडणातही मी हेच म्हणायचे.

आणि तेवढ्यात तिने हात लांब केला. माझी तागडी माझ्या टोपलीवर पडलेली होती. तिने तागडीचं एक पारडं उचललं आणि टोपलीच्या कडेवर पालथं घातलं.

मग साहेबांकडे वळून त्याच आवाजात म्हणाली, "तिचं तोंड असंच हाय, साहेब. मनावर घेऊ नका."

साहेब हसले. पावतीवाला हसला. गर्दी आपापल्या वाटेने गेली. माझा राग इतकी वर्षं मी मोजून विकला होता. खरा काढायची वेळ आली तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

मी टोपली उचलली, डॉक्टरने नको म्हटलेलं असताना डोक्यावर घेतली आणि स्टँडवर आले. एसटीत टाक्यातून रक्त आलं. कंडक्टर जुनाच होता. त्याने मला पुढच्या बाकावर बसवलं आणि त्या दिवशी टोपलीवरून एकही विनोद केला नाही.

मला मागच्या ओळीत गटाराजवळचा एक ओटा मिळाला. काही महिने बसले. तिथून ती दिसायची नाही, पण आवाज यायचा. सून नवी, भावाला कच्ची. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की सासू तिला म्हणायची, ताप गो, जरा ताप. सुनेला माझ्यासारखं तापता येत नव्हतं. मी मुरबाड सोडलं.

त्यानंतर माझं चांगलं झालं, हे पोरींना सांगायलाच हवं, नाहीतर त्या घाबरतील. आसनगावला स्टेशनच्या रस्त्यावर मी गाळा घेतला. मासळी, गावठी तांदूळ आणि मसाला एकाच ठिकाणी ठेवला, कारण संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बाईला तीन ठिकाणी थांबायला टाइम नसतो. आगोटीचा टेम्पो आता दोन तालुक्यांत फिरतो. गाळा माझ्या नावावर आहे. पावती मी स्वतः फाडते, शेजाऱ्याची एसटी उशिरा येवो वा लवकर. हा सल्ला सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तो मी छातीवर दगड ठेवून देतेय. जागा तोंडी ठेवू नका. कितीही जवळची असली तरी शेजारणीच्या हातून स्वतःची पावती फाडून घेऊ नका.

पण खरं सांगते, हा सल्ला मला तेव्हा कुणी दिला असता तर मी त्याचा अपमान केला असता. तिच्याकडे कागद मागणं म्हणजे तिने दिलेली फडक्याची गाठ तिच्यासमोर सोडून मोजण्यासारखं होतं. ज्या बाजारात मला कागद लागला असता त्या बाजारात मला ती मिळाली नसती. हे गणित मला अजून सुटलेलं नाही, आणि बचत गटाच्या वहीत ते मांडता येत नाही.

मिरचीवाला मधे एकदा आसनगावला आला होता. माझ्या गाळ्यात बसून चहा प्यायला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की ओटे वाटणार असल्याचं बाजारात भोंगा लावून आधीच सांगितलं होतं. कधी, ते मी त्याला दोनदा विचारलं. ती माझ्या घरी यायच्या आदल्या बाजारी. म्हणजे ती माझ्या पायथ्याशी बसली होती, माझी पोटरी तिच्या हातात होती, तेव्हा तिला ठाऊक होतं. तू नीज, म्हणाली.

मी त्याच्याकडे निरोप दिला. एवढंच विचारा म्हटलं, असं का केलंस? पुढच्या फेरीला तो उत्तर घेऊन आला. ती आता बाजारात कमी येते, डोळ्यांनी कमी दिसतं. निरोप ऐकून म्हणाली, "तिला सांग, बाय, तापू नको."

म्हणून हे लिहायला बसले. पोरींसाठी सुरुवात केली होती, पण आता तुझ्याशीच बोलते. तुला वाचता येत नाही, कुणी तरी वाचून दाखवेल.

ओटा मला नको. सून बसते तिथे बसू दे, मीच शिकवलेली आहे. तुझ्या घरची अडचण मला ठाऊक होती. माझ्यापुढे येऊन तू म्हणाली असतीस की जागा पोरीला दे, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर जेवले नसते आणि जागा दिली असती. तुला हे ठाऊक होतं. माझं तोंड तुझ्याइतकं कुणी ओळखलं नाही.

मला त्या पारड्याचं उत्तर हवं आहे. ते तू पालथं घातलंस ते कशासाठी? लोकांनी माझं खरं मानू नये म्हणून? की मला खूण करत होतीस, बाय, आता गप्प बस, हे खोटं आहे, मागून सांगते, दोन्ही ओटे आपलेच? पहिलं असेल तर तू मला विकलंस. दुसरं असेल तर इतकी वर्षं मी गिऱ्हाइकासारखी उठून गेले आणि तू तिथेच माझी वाट बघत बसलीस. दोन्हीपैकी कुठलंही मी पचवीन. न कळणं पचत नाही.

उत्तर तू द्यायचं. सुनेकरवी नको, मिरचीवाल्याकरवी नको. मुरबाडहून दोन गाड्या बदलून येता येतं, तू एकदा आली आहेस. आणि साहेबांपुढे काढलास तो आवाज घेऊन येऊ नको. माझ्या समोर बस, तागडी मधे ठेव, आणि सांग.